किल्लीकाकांचे प्रेक्षक

लोकांना हसवणं हा माझा धंदा नाही. हसवणारे वेगळे, त्यांचे फोटो छापून येतात. मी फक्त हशा चिकटवतो. टीव्हीवर विनोदी मालिका चालू असताना मागून जे हसणं ऐकू येतं, ते मी लावतो, खिडकी नसलेल्या एका खोलीत, गार झालेल्या चहासोबत. हे सांगितलं की लोक हिरमुसतात आणि विचारतात, म्हणजे ते खोटं असतं? अहो, हसणं खरंच असतं. फक्त त्या दिवसाचं नसतं.

आमच्या मालिकेतला हशा पहिल्या दोन वर्षांतला. तेव्हा सेटसमोर खुर्च्या होत्या आणि खरीखुरी माणसं येऊन बसायची. पुढे चॅनलला ते डोईजड झालं. प्रेक्षक बंद केले, खुर्च्यांवर कापड टाकलं, आणि त्या दोन वर्षांत रेकॉर्ड केलेल्या हसण्याचे तुकडे करून मी जपून ठेवले. इतकी वर्षं तेच पुरवून वापरतोय. त्यातला एकेक आवाज मला तोंडपाठ आहे. एक ठसकेवाल्या आजी आहेत, त्यांचं हसणं खोकल्यात संपतं. एक उशिरा पेटणारे गृहस्थ आहेत, सगळ्यांचं आटपलं की यांचं सुरू. एक बाई हसता हसता शेजारच्याला चापट मारतात, तीही ऐकू येते. यातले निम्मे तरी आता वर गेले असतील, पण हजेरी मात्र रोजची.

आणि हे सगळे ज्याला हसतात, तो माझा सख्खा मोठा भाऊ.

दादा त्या मालिकेत किल्लीकाका आहे. पहिल्या वर्षीचे किल्लीकाका म्हणजे तळमजल्यावर कुलपं दुरुस्त करणारा शेजारी, कमी बोलणारा आणि सगळं ऐकणारा. एका भागात खोलीचं कुलूप अडकतं, बायको आत आणि नवरा बाहेर, दोघांचं कडाक्याचं भांडण. काका दारापाशी बसून पूर्ण प्रसंगभर मुकाट्याने खुटखुट करतात. शेवटी उठतात, हात पुसतात आणि म्हणतात, "कुलूप ठीक आहे. उघडायचं कोणी, तेवढं ठरवा." त्या वाक्याला हशा आला आणि हशाच्या पोटातून टाळ्या आल्या. दादाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. मला तेव्हा इतका अभिमान वाटला होता की मी कानावरचा हेडफोन काढून नुसता त्याच्याकडे बघत बसलो.

मग एका भागात काकांची स्वतःचीच किल्ली हरवली. "किल्ली कुठंय?" म्हणत त्यांनी खिसे चाचपले आणि हॉल फुटला. झालं, माकडाच्या हाती कोलीत. पुढच्या वर्षी किल्ली दर भागात हरवायला लागली. त्याच्या पुढच्या वर्षी काका घर विसरले. मग दार ओढायचं की ढकलायचं ते कळेनासं झालं, मग पँट उलटी, मग तोंडावर पडणं. साऱ्या इमारतीची कुलपं उघडणाऱ्या माणसाला शेवटी नळ उघडता येईना. कुणी मुद्दाम केलं असं नाही. चहात थोडी अजून, थोडी अजून करत साखर टाकतात आणि एक दिवस पाक होतो, तसं ते झालं. लोकांचा जीव होता काकांवर. दादा रस्त्याने निघाला की पलीकडच्या फुटपाथवरून आरोळी यायची, "काका, किल्ली कुठंय?" दादा हात जोडायचा.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो, तर वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, परवा जेवताना यांनी पाणी मागितलं. नुसतं पाणी हो. सूनबाई हसली. तिची काही चूक नाही, तिला वाटलं आता काहीतरी गंमत येणार. तेव्हापासून हे स्वतः उठून पाणी घेतात. बोलतच नाहीत."

बाहेर दादा पेपर धरून बसला होता. एकेकाळी नाटकात ज्याचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, तो माणूस मला "बस" म्हणायलाही खुर्चीकडे बोट दाखवत होता. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन मी पुन्हा त्याच्यावरच हशा लावायला बसलो, कारण पगार त्याचाच मिळतो.

उलट्या पँटचा प्रसंग होता. नेहमीचा दणदणीत हशा लावला आणि ऐकायला गेलो, तर काही नाही. पडद्यावर हशाच्या लाटा दिसत होत्या, स्पीकर मुका. वायर बदलली, मशीन बदललं. तोच तुकडा शेजारीणबाईंच्या वाक्याला लावला, तर खणखणीत वाजला. परत काकांच्या प्रसंगाखाली आणला की चिडीचूप. आवाजाला कारण असतं, या एका वाक्यावर माझं घर चालतं. म्हणून मी यंत्राला चार शिव्या दिल्या आणि हशाशिवाय भाग पाठवला.

पुढच्या भागात उलटंच झालं. दोन वाक्यांच्या मधे दादाने सेटवरचं एक जुनं कुलूप सहज हातात घेतलं, अंगठ्याने चाचपलं, तारेने टक्कन उघडलं आणि परत ठेवून दिलं. कुणी लिहिलं नव्हतं, कुणाचं लक्षही नव्हतं. तिथे मी काहीही लावलेलं नाही. तरी ऐकताना तिथे हसू आलं, छोटंसं, मायेचं, आणि त्याच्या शेवटी एक ठसका. एडिटरबाई दारात उभ्या होत्या. हे छान लावलंयस, असं म्हणून त्या निघून गेल्या. मी तो ठसका पुन्हा एकदा ऐकला.

मग मी दुसऱ्या एका मालिकेचा हशा मागून आणला. परका माल, याला आमच्या काकांचं काय सोयरसुतक! काका दारावर आपटतात तिथे तो लावला. एक माणूस हसला. लगेच कुणीतरी "श्श" केलं. तो माणूस गप्प झाला.

मी लेखकाला बोलावलं. आमचा लेखक भला माणूस, पण चॅनलपुढे गोगलगाय. त्याने ऐकलं आणि म्हणाला, भावासाठी तू हे सगळं करतोयस. मी खुर्ची सोडली आणि म्हटलं, तू लाव, बटण तू दाब. त्याने लावलं. शांतता. पुन्हा लावलं. या खेपेला शांततेत खुर्च्या करकरल्या, दोघंतिघं खाकरले, नाटक पडायला लागलं की मागच्या रांगा अस्वस्थ होतात तसं. लेखक घाम पुसत उठला. पुढचा भाग मंजूर झालाय, आता हात बांधलेत, एवढंच बोलला.

तो पुढचा भाग असा होता. काकांचा फार त्रास होतो म्हणून त्यांची मुलगी त्यांना वृद्धाश्रमात टाकते. निघताना काका "किल्ली कुठंय?" म्हणत फिरतात, दारावर आपटून पडतात, आणि मुलगी घराला बाहेरून कुलूप लावते. चॅनलच्या बाईंच्या मते हा वर्षातला सगळ्यात मोठा हशा ठरणार होता.

संहिता वाचून दादा माझ्या खोलीत आला. त्या खोलीत तो सहसा येत नसे.

"हे एवढं करतो," तो म्हणाला. "मग थांबतो."

"मालिका सोडतोस?"

"बोलणं सोडतो. कुठेच बोलायचं नाही आता. लोक सुखी, मीही सुखी."

मी चिडलो, वाट्टेल ते बोललो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. तो खरंच तसं करणार हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून त्याने शब्द दिला की दिला.

शूटिंगच्या दिवशी मी एक काम केलं. खुर्च्यांच्या डोक्यावर जुने माइक अजून लटकत होते, ते चालू करून माझ्या बोर्डावर घेतले. बिघाड तिथे तर नाही ना, हे बघायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. चॅनलच्या बाई माझ्या शेजारी कंट्रोल रूममध्ये बसल्या होत्या. तिथून फक्त सेट दिसतो, खुर्च्या दिसत नाहीत.

प्रसंग सुरू झाला. मुलगी झालेल्या नटीने बॅग उचलून दाराबाहेर ठेवली. दादाने खिसे चाचपले.

"किल्ली कुठंय?"

रिकाम्या हॉलची शांतता मी हजार वेळा ऐकली आहे. ती पातळ असते. माझ्या कानातली शांतता जड होती. त्यात श्वास होते. भरलेल्या हॉलचे श्वास.

दादाने दाराकडे जायचं होतं. तो गेला नाही.

त्याने अंधारात, खुर्च्यांच्या दिशेने पाहिलं. त्याची मान थोडी वर झाली, जुन्या नाटकात व्हायची तशी.

मग तो मुलीकडे वळला. सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"किल्ली माझ्याकडेच होती, बाळ," तो म्हणाला. "तुम्ही सगळे हसत होतात, म्हणून शोधत होतो."

असं वाक्य कुणी लिहिलेलंच नव्हतं. नटीला पुढे काय करायचं ते कळेना. तिचे डोळे भरले आणि ती त्याच्या पायाशी बसली. दादाने बॅग आत आणली आणि दार लावून घेतलं, एका हाताने, सहज.

आणि माझ्या कानात हॉल फुटला.

आधी हशा, मग त्याच्या पोटातून टाळ्या, मग शिट्ट्या. आजींना ठसका लागला होता. चापटीवर चापट बसत होती. सगळं ओसरत आलं आणि उशिरा पेटणारे गृहस्थ सुरू झाले. मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

आवाज स्पीकरवरही येत होता. चॅनलच्या बाईंनी डोळे टिपले आणि माझ्याकडे वळल्या. "प्रेक्षक बोलावलेत हे आधी कळवायचं ना."

"ऐनवेळी आले," मी म्हणालो.

"प्रसंग असाच ठेवा," त्या म्हणाल्या.

तो भाग दाखवला गेला आणि काय सांगू, आमच्या मालिकेचं नशीबच फिरलं. पूर्वी आरोळ्या मारणारे लोक दादा दिसला की रस्ता ओलांडून यायला लागले आणि त्याचा हात हातात घ्यायला लागले. किराणा दुकानदाराने त्याला स्वतःच्या मुलाच्या लग्नाबद्दल सल्ला विचारला. लोकांनी जुने भाग काढून पुन्हा बघितले. त्यात एक गोष्ट सगळ्यांना दिसली: काका दर वेळी "किल्ली कुठंय?" म्हणतात तेव्हा त्यांचा डावा हात सदऱ्याच्या खिशावर असतो, आतलं काहीतरी सांभाळल्यासारखा. प्रत्येक भागात. ते भाग मी लाटेलाट ऐकले आहेत, डोळ्यांखालून घातले आहेत, आणि तो हात मला तिथे कधी दिसला नव्हता. दादाला विचारलं. मी असं कधी केलेलं नाही, तो म्हणाला, आणि विषय बदलला.

पण बोलत होता तो! घरी गेलो तर बैठकीत त्याचाच आवाज. "सूनबाई, पाणी दे गं," म्हणाला आणि ती लगबगीने उठली. वहिनी स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. लेखकालाही कंठ फुटला. त्याने काकांना त्यांचं दुकान परत दिलं, त्यांची शांतता परत दिली, दर भागाला एकच वाक्य दिलं आणि ते दादाच्या हवाली केलं. दादाने एकच अट घातली. मशीनचा हशा नको, खुर्च्यांवरचं कापड काढा, माणसं बोलवा.

नव्या भागांच्या पहिल्या दिवशी शूटिंग दुपारी होतं. बाहेर रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. माझं चिकटवायचं काम संपलं होतं, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या खुर्च्यांत जाऊन बसलो, मधल्या रांगेत, अगदी राजासारखा. पुसलेल्या, ओळीने मांडलेल्या खुर्च्या, आणि त्यात मी एकटा. दार उघडलं. सगळ्यांत पुढच्या बाई उत्साहाने आत आल्या आणि दोन पावलांवर थांबल्या. त्यांनी पुढून मागेपर्यंत नजर फिरवली आणि दारावरच्या माणसाला म्हणाल्या, "भरलंय की हो सगळं. आम्ही आपले उभे राहतो."

मागचे लोक आत आले आणि भिंतींना टेकून उभे राहू लागले. काही जणांना पलीकडच्या भिंतीशी जायचं होतं. ते माझ्या पुढच्या रांगेतून आडवे निघाले, पायांत लक्ष ठेवून, कुणाचे तरी गुडघे चुकवत, "सॉरी हं," "जरा येऊ द्या," असं खाली बघून म्हणत.

सेटवर दिवे लागले. दादा दुकानाच्या पायरीवर आला आणि रिकाम्या खुर्च्यांना वाकून नमस्कार करून थांबला, सगळे स्थिरस्थावर होईपर्यंत.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी होती. ती मी उचलली आणि मांडीवर घेतली.