कव्हर न झालेली राणी

कॅरमच्या एकाच बोर्डावर एक माणूस तरुण होतो आणि दुसरा म्हातारा, हे डॉ. स्वरा भोईर यांना २०६५च्या मार्चपर्यंत कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी सांगणाऱ्याचंच मनोवय मोजलं असतं.

पण ज्येष्ठांच्या उत्तररंग केंद्राच्या प्रयोगशाळेत आकडे समोर होते. मिलिंद टिपणीस : देहवय त्र्याऐंशी, मनोवय एकाहत्तर. पत्नी वर्षा : देहवय एक्याऐंशी, मनोवय अठ्ठ्याऐंशी.

"दोघं एकच खेळ खेळतात, एकच वरण-भात जेवतात," स्वरा म्हणाल्या. "मग एक उतरतो आणि दुसरी चढते कशी?"

"संसारात असं होतंच, मॅडम," सहायक ईशान म्हणाला. त्याचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे संसाराबद्दल त्याला सगळंच ठाऊक होतं.

"विनोद पुरे. मुळापासून मांड."

"पुढे काय होणार हे माहीत नसलं की मेंदूत उत्कंठालहर उठते. डोक्याला बांधलेली कपाळपट्टी तीच मोजते. मुलांमध्ये या लहरी अखंड चालू असतात. वयाबरोबर त्या कमी होतात, कारण बहुतेक सगळं बघून झालेलं असतं. लहरी थांबल्या की मन म्हातारं झालं. म्हणून आपण इथे कॅरम, भेंड्या, बागकाम ठेवलंय. खरं औषध खेळ नाही, त्यातली अनिश्चितता आहे."

"आणि मनोवयाने नव्वद ओलांडलं की शांतकक्ष," स्वरा पुटपुटल्या.

शांतकक्षात खेळ नव्हता, कारण त्याचा उपयोग नव्हता. बाहेर राहिलेला जोडीदारही नव्हता, महिन्यातून एका रविवारी काचेतून त्याचं दर्शन. जागा मोजक्या, तेव्हा ज्यांना फायदा होईल त्यांनीच बाहेर राहावं, हा नियम स्वरांनीच लिहिला होता. लिहिताना त्यांना तो फार न्याय्य वाटला होता.

ईशानने एकेचाळीस डावांचं चित्रण पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी धावतच आला. "मॅडम, तेहतीस डावांत काकूंनी राणी घेतली आणि तेहतीसही वेळा कव्हर चुकवलं. सोंगटी भोकाच्या तोंडाशी! माझ्या आजोबांनाही जमेल, आणि ते कॅरमला पत्त्यांचा खेळ समजतात."

स्वरांनी विचारल्यावर वर्षाकाकूंनी आढेवेढे घेतले नाहीत.

"विद्यापीठाची विजेती होते मी. मिलिंद निवृत्त झाला तेव्हा एकदा सरळ हरवलं त्याला. दोन दिवस जेवला नाही. म्हणाला, आता हातही गेले. तेव्हापासून हरते. शेवटच्या सोंगटीपर्यंत आणून हरते. पाचात एकदा जिंकतेही. रोज हरलं तर गंमत जाते."

"म्हणजे काकांना निकाल कधीच माहीत नसतो, आणि तुम्हाला सकाळीच माहीत असतो."

"सकाळी कशाला? आदल्या दिवशीच ठरवते."

"काकू, आता जिंकायला खेळा. आणि काकांना कळलं तर..."

"त्याचं काय ते मी बघते."

चार दिवस काकू खरं खेळल्या आणि चारही दिवस जिंकल्या. त्यांची लहर हललीच नाही. आपण जिंकणार हेही त्यांना माहीतच होतं. आकडा एकोणनव्वद झाला. विचित्र म्हणजे मिलिंदरावही एकाहत्तरवरून शहात्तरवर गेले.

पाचव्या दिवशी ते स्वतःच प्रयोगशाळेत आले आणि दार लोटून घेतलं.

"डॉक्टर, हिला खरं खेळायला तुम्हीच सांगितलंत ना? माझी सगळी मजा घालवलीत."

"हरल्याचं वाईट वाटलं?"

"हरण्याचं काय घेऊन बसलात! तेवीस वर्षं मी कॅरम खेळतच नाहीये. मी बघतो, आज ही कशी हरते! कधी शिंकते, कधी चष्मा पुसते, कधी सुनेचा विषय काढून रागाने स्ट्रायकर सटकवते. मागे एकदा मान आखडली म्हणाली आणि नेम धरला तो थेट पावडरच्या डबीवर! काय अभिनय!" ते डोळे पुसत हसले.

स्वरा हसल्या नाहीत. काकांची लहर कुठून येत होती ते आत्ता कळत होतं.

"हे काकूंना माहीत आहे?"

"छे! कळलं तर थांबेल ती."

"काका, काकूंना माहीत नाही अशी जगात एकच गोष्ट उरलीय, आणि ती तुमच्याकडे आहे. सांगा त्यांना. लहर उठेल, आकडा दहाने तरी उतरेल. पण तुमचा खेळ संपेल. कदाचित तुम्हीच नव्वद ओलांडाल."

मिलिंदरावांनी कपाळपट्टीचा पट्टा ओढून सैल केला.

"म्हणजे मी आत, ती बाहेर? चालेल. बागेतल्या तिच्या अबोलीला पाणी घालायला तिच्याशिवाय कोण आहे?"

बुधवारी दहा वाजता डाव मांडला. काकूंना पुन्हा हवं तसं खेळायची मुभा होती. त्यांनी राणी घेतली, मग कव्हरच्या आधी चष्मा काढून पुसायला लागल्या. मिलिंदरावांनी स्ट्रायकरवर हात ठेवला.

"वर्षा, तू मुद्दाम हरतेस ते मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून."

स्वरा पडद्याकडे बघत होत्या. त्यावर काकूंच्या लहरीची रेघ ओळंब्यासारखी सरळ होती. सरळच राहिली.

"माहीत होतं रे," काकू चष्मा घालत म्हणाल्या. "मी चुकायच्या बेतात आले की तू ओठ दाबून हसतोस. म्हणून तर रोज नवी तऱ्हा काढायचे."

"आणि कधी बोलली नाहीस?"

"तू बोलशीलच, तेही आजच, हे माहीत होतं. सकाळपासून दोनदा घसा खाकरलास."

त्यांनी राणी उचलून बोर्डाच्या मधोमध परत ठेवली. पडद्यावर काकूंचा आकडा बदलला : एक्याण्णव.

दुसरा आकडा ईशानने दोनदा तपासला. केंद्राने कधीच पाहिली नव्हती एवढी लहर मिलिंदरावांच्या डोक्यात उसळली होती. सत्तावन्न वर्षं संसार केलेल्या बायकोकडे ते टक लावून बघत होते.

"अजून काय काय माहीत आहे तुला?" त्यांनी विचारलं. "सांग ना. वर्षा, सांग ना!"

दारात काकूंना न्यायला शांतकक्षाची चाकाची खुर्ची येऊन उभी राहिली. मिलिंदरावांचं मनोवय अठ्ठावन्न झालं होतं. बायकोशेजारची खाट मिळवायला त्यांना अजून बत्तीस वर्षांहून जास्त म्हातारं व्हायचं होतं.