बाप्तिस्म्याआधीचं नाव

आमच्या गावात बाळाला दोन नावं असतात. एक घरचं, हाका मारायला. दुसरं खरं, ते बाप्तिस्म्यापर्यंत फक्त आईला ठाऊक. माझी लेक घरात टिटी. दुपारी सगळं घर झोपलं की दूध पाजताना मी तिचं खरं नाव तिच्या कानाशी कुजबुजायचे. ती प्यायची थांबायची, ऐकायची, मग पुन्हा प्यायला लागायची.

त्या उन्हाळ्यात तिला घामोळं उठलं. माझी सासू, मा फिलो, कसाव्याच्या कंदाच्या भाकऱ्या थापत म्हणाली, "वरच्या धबधब्यावर ने. गार पाण्यात एक बुचकळी दे. पण तिथं तोंडाला कुलूप घाल. खरं नाव पाण्याच्या कानावर पडता कामा नये."

"पाण्याला कान असतात होय?"

"तुझ्या नवऱ्याला नाहीत, म्हणून पाण्यालाही नसतील असं धरू नकोस, पोरी."

मी हसले. मी दवाखान्यात रक्त तपासते. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहून देते.

केळीच्या बागा मागे पडल्या, मग उंच नेचे, मग पायाखाली नुसती ओल. धबधब्याचा आवाज लांबून दणदणीत येत होता. जवळ जावं तसा तो वाढायला हवा होता. तो कमी होत गेला. डोहाशी पोचले तेव्हा पाणी आभाळातून पांढरं झरत होतं आणि मला टिटीचा श्वास ऐकू येत होता.

तिला बुचकळलं, पुसलं, सपाट दगडावर कापड पसरून निजवलं. ओलं दुपटं पिळायला वळले.

परत वळले, तर कापड रिकामं.

"ओझेलीन!"

तोंडून तेच नाव गेलं. धबधब्याचा उरलासुरला आवाजही थांबला. पाणी मात्र पडतच होतं.

मग पलीकडून हसणं आलं. उथळ पाण्यात ती बसली होती, माझ्याकडे हात पसरून. मी धावत जाऊन तिला छातीशी घट्ट धरलं. घरी पोचेपर्यंत मला सुचलंच नाही, की टिटीला अजून बसता येत नव्हतं.

घामोळं पार गेलं. पण तिचे केस वाळेनात. उन्हात धरलं, टॉवेलनं खसखसून पुसलं, तरी माझ्या दंडावर ओल उमटायचीच. दुपारी मी कानाशी नाव कुजबुजले. ती प्यायची थांबली नाही.

मा फिलोनं तिच्या केसांवरून बोटं फिरवली. बराच वेळ बोटांकडे पाहत राहिली.

"नाव घेतलंस तिथं?"

मी मान खाली घातली.

"मग रविवारी बाप्तिस्म्याला फादरना दुसरंच सांग. खरं सांगितलंस, तर ज्या पोरीचं आहे ती घ्यायला येईल."

"आणि दुसरं सांगितलं तर?"

"तर ती तिथंच राहील."

"मग ही कोण?"

मा फिलोनं तव्यावरची भाकरी उलटली. "तुझं दूध पिते ना? मग मला काय विचारतेस?"

रविवारपर्यंत मी तिला खाली ठेवलंच नाही. ती झोपेत माझं बोट मुठीत धरायची. तिच्या टाळूचा वास पावसात भिजलेल्या दगडासारखा होता. मला तो आवडायला लागला होता. दुसरं नावही शोधून ठेवलं: मारिस. मनातल्या मनात घोकलं. आणि घोकताना दर वेळी डोळ्यांपुढे यायचं ते रिकामं कापड.

चर्च फुलांनी भरलेलं. पांढऱ्या झग्यात ती माझ्या कडेवर, दोन्ही हात माझ्या मानेभोवती. झग्याची पाठ केसांनी भिजलेली.

फादरनी विचारलं, "बाळाचं नाव?"

मा फिलोनं माझ्या कोपराला हलकेच हात लावला.

मी तोंड उघडलं. मारिस म्हणणार होते.

"ओझेलीन," मी म्हणाले.

मागचं दार वाऱ्यानं उघडावं तसं उघडलं. मग फरशीवर थप, थप, असे ओले तळवे वाजू लागले. लहान तळवे. बाकांच्या मधून, रांगत, आमच्याकडे.

कडेवरच्या बाळानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं माझी मान सोडली.