मधली कुंडी

"माझ्या बागेत कोणीतरी गोगलगायी आणून सोडतंय," घड्याळजी म्हणाले आणि खुर्चीत बसायचंही विसरले.

भाऊजींना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं. थोरल्या भावाच्या माघारी त्याची तपासाची कचेरी वहिनी चालवत होत्या, आणि निवृत्त झाल्यापासून भाऊजी तिथे बसून वहिनींच्या चहात वाटेकरी होत होते. चोऱ्या आल्या, फसवणुका आल्या, पण गोगलगायींची फिर्याद ही पहिलीच.

वहिनी मात्र हसल्या नाहीत. "आधी बसा. बाग कोणाची?"

"मुलीची." घड्याळजी बसले. "गेल्या वर्षी ती गेली. तापाचं निमित्त झालं. तिनं लावलेले डेलिया तेवढे राहिलेत, आणि तेही कोणीतरी संपवतंय. कोण ते मला ठाऊक आहे. शेजारचे गाण्याचे मास्तर. काल मी त्यांना गल्लीदेखत नको नको ते बोललो. उद्या पोलिसांत जाणार. मला फक्त पुरावा हवाय."

भाऊजींचं हसू कुठल्या कुठे पळालं.

बाग म्हणजे घरामागचं छोटं अंगण. भिंतीलगत लाकडी बाकावर डेलियाच्या कुंड्या एका रांगेत मांडलेल्या. प्रत्येक कुंडीला कमरपट्ट्यासारखी तांब्याची पट्टी बांधलेली. झाडांच्या पानांची चाळण झाली होती. कळ्या अर्ध्यामुर्ध्या कुरतडलेल्या.

"तांबं गोगलगायींना झोंबतं. त्या ओलांडत नाहीत," घड्याळजी सांगत होते. "तरी सकाळी पाहावं तर कुंड्यांत हजर. मी वेचतो, बादलीत टाकतो, आमची ही ओढ्याकाठी नेऊन सोडते. औषध घालत नाही. जीव मारलेला मुलीला खपायचा नाही."

वहिनींनी पदर खोचला आणि सरळ जमिनीवर गुडघे टेकून एकेक कुंडी निरखली. पट्ट्या बघितल्या, कुंड्यांच्या बाहेरची बाजू बघितली, बाकाच्या पायांवरून बोट फिरवलं.

"भाऊजी, इथे काय दिसतंय?"

"काहीच नाही."

"बरोबर. पानांवर मात्र चकाकणाऱ्या रेघाच रेघा आहेत."

भाऊजींनी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं, पण ते सांगायची सोय नव्हती.

रांगेच्या मधोमध पांढऱ्या डेलियाची कुंडी होती. फुलांनी नुसती लगडलेली, पानाला एक भोक नाही.

"याची पानं कडू असतील," भाऊजी म्हणाले.

"डेलियाच तो. शेजारच्यांपेक्षा कडू कसा असेल?" वहिनी उठल्या. "हा कोणी लावला?"

"सगळे तिनंच लावलेत," घड्याळजी म्हणाले. "मला सगळे सारखेच."

"हा शेवटचा." दारात घड्याळजींची बायको रिकामी बादली घेऊन उभी होती. "अंथरूण धरलं त्याच्या आदल्या दिवशी लावला. हात थरथरत होते तिचे. कुंडी मी धरली होती."

घड्याळजी बायकोकडे बघतच राहिले. "हे मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही ऐकण्याच्या अवस्थेत होतात कुठे?" ती म्हणाली आणि आत गेली.

मास्तरांनी दार उघडलं तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते.

"फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून माझ्याकडे गायला यायची ती," ते म्हणाले. "तिच्या झाडांवर मी उठेन?"

"तुमच्या गॅलरीतून बाग दिसते. कोणी परकं येताना पाहिलंत?" वहिनींनी विचारलं.

"नाही हो. सकाळी बाई तेवढ्या बादली घेऊन ओढ्याकडे जातात. जाताना झाकण दाबून धरलेलं, येताना झाकण दाबून धरलेलं. पार खंगल्या बिचाऱ्या. घड्याळजी तर कित्येक महिने दिसलेच नव्हते. मला वाटलं, हेही हातचे जातात. आता निदान बागेत दिसतात. मला शिव्या देतात, पण उभे राहून देतात, हेही नसे थोडके."

रस्त्यावर आल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, माझा संशय नर्सरीवाल्यावर. गोगलगायी वाढल्या की औषध कोणाचं खपतं?"

नर्सरीवाला रोपांच्या कुंड्या बदलत होता. त्यानं मातीचे हात झटकले. "औषध? दोनदा फुकट देऊ केलं, बाईंनी दोन्ही वेळा परत केलं. मग मी साहेबांना सांगितलं, पाणी संध्याकाळी घालू नका, सकाळी घाला. रात्री माती कोरडी राहिली की गोगलगायी फिरकत नाहीत. दिवसा लपायला ओल्या फळ्या, पालापाचोळा ठेवू नका. त्यांनी अगदी मनावर घेतलं. मध्यंतरी जवळजवळ संपल्याच होत्या."

"खूश झाले असतील," भाऊजी म्हणाले.

"कसले खूश? त्यानंतर आलेच नाहीत. बाई एकट्या आल्या. म्हणाल्या, पुन्हा झोपून असतात, काय करावं कळत नाही. पुढे ऐकलं, गोगलगायी परत झाल्या. आता माती कोरडी असताना कशा झाल्या, देव जाणे."

कोडं सुटलं की वहिनींची कळी खुलायची. आज परतीच्या वाटेवर चेहरा पडला होता.

संध्याकाळी त्यांनी मास्तरांनाही घड्याळजींच्या बैठकीत बोलावून घेतलं. घड्याळजींनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"गोगलगाय चालली की मागे रेघ उरते," वहिनींनी सुरुवात केली. "पानांवर रेघा होत्या. तांब्यावर, कुंड्यांच्या बाहेर, बाकावर एकही नव्हती. म्हणजे त्या चढून आल्या नाहीत. कोणीतरी हातानं ठेवल्या."

"मी काय सांगत होतो!" घड्याळजी कडाडले.

"थांबा. कोणाला तुमचं वाईट करायचं असतं, तर त्यानं सगळ्यात देखणं झाड पहिलं धरलं असतं. नेमकं तेच वाचलं. ते मुलीचं शेवटचं झाड. मास्तरांना हे कळायला मार्ग नाही. तुम्हालाही आजच कळलं. ठाऊक होतं एकाच माणसाला, आणि त्या झाडापाशी त्या माणसाचा हात अडला."

वहिनी बाईंकडे वळल्या.

"ओढ्यावर रिकामी केलेल्या बादलीचं झाकण येताना कोणी दाबून धरत नाही," वहिनी हळूच म्हणाल्या. "बादली भरलेलीच परत येत होती. बाई, मी हे बोलले नसते. पण उद्या मास्तरांच्या दारात पोलीस आले असते."

घड्याळजी बायकोकडे वळले. "तू? तिची झाडं?"

"हो, तिचीच." बाईंचा आवाज कोरडा होता. "ती गेली आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात. जेवणाचं भान नाही, बोलणं नाही. एकदा सहज म्हटलं, तिच्या डेलियाला गोगलगायी लागल्यात. तुम्ही उठून अनवाणी बागेत धावलात! मग गोगलगायी संपल्या आणि तुम्ही पुन्हा भिंतीकडे वळलात. मी काय करायला हवं होतं? मुलगी तर गेलीच. पानं खाल्ली तर खाल्ली. मला तुम्ही उठायला हवे होतात." त्यांनी मास्तरांपुढे हात जोडले. "तुमच्यावर आळ आला तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडच उघडेना."

"राहू द्या हो," मास्तर म्हणाले.

घड्याळजी उठले. भाऊजींना वाटलं, हा माणूस आता आत जाणार आणि कायमचा आडवा होणार. मनातल्या मनात त्यांनी वहिनींनाही बोल लावला.

पण घड्याळजी आत गेले नाहीत. बायकोच्या शेजारी जाऊन बसले.

"माझ्या आधी उठून ठेवायचीस?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"मला उठवायला गोगलगायी होत्या," घड्याळजी म्हणाले. "तुला कोण उठवत होतं गं?"

मुलगी गेल्यापासून बाईंना कोणी रडताना पाहिलं नव्हतं. आता त्या नवऱ्याच्या खांद्यावर कोसळल्या आणि हमसून हमसून रडू लागल्या. सवय मोडल्यासारखा घड्याळजींचा हात आधी अडखळला, मग त्यांनी बायकोला घट्ट धरलं.

वहिनींनी खूण केली. मास्तर, भाऊजी आणि त्या चपला हातात घेऊन बाहेर पडले.

कोपऱ्यापर्यंत गेल्यावर भाऊजींना राहवलं नाही. "वहिनी, आता सगळं उघड झालं. उद्या ते उठतील का हो?"

वहिनींनी पदरानं डोळे पुसले.

"उद्या बाई काही उठायच्या नाहीत. वर्षभराचं रडणं राहिलंय त्यांचं. त्यांना चहा करून द्यायला कोणीतरी उठावंच लागेल, भाऊजी."