कळ कुठे, घंटा कुठे

नानांचं दुखणं मोठं चमत्कारिक होतं. ते खुर्चीत बसले की कमरेखालून एक कळ निघे, मांडीच्या मागून सुसाट पोटरीत उतरे आणि पावलाच्या करंगळीपाशी जाऊन थांबे. नाना मग पायाला शिव्या देत. पायाला तेल चोळून झालं, पाय शेकून झाला, पट्टाही बांधून झाला. पाय बिचारा दिसायला ठणठणीत! ना सूज, ना लाली. मग दुखत होतं तरी काय? त्यांच्या नातीला, शाल्मलीला, हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं. आणि ते सुटणं तिच्यासाठी फार गरजेचं होतं.

कारण पुढच्या महिन्यात ती आणि नाना आकाशपाळण्यातून अंतराळात जाणार होते. आकाशपाळणा म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या तळापासून थेट अंतराळापर्यंत ताणलेल्या दोरावरून हळूहळू वर सरकणारी खोली. धक्के नाहीत, धूर नाही. नुसतं बसून राहायचं, पण खूप वेळ. वर अंतराळमळा (मातीशिवाय भाजी पिकवणारं तरंगतं शेत) होता. तिथली मेथी नानांनी शोधलेल्या पद्धतीने वाढत होती, पण ती त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती. निमंत्रण नानांना होतं आणि सोबत एकाला नेता येणार होतं. ते 'एक' होण्यासाठी शाल्मलीने घरात किती शहाण्यासारखं वागून दाखवलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

पण आधी तपासणी होती. खुर्चीत तासभर न हलता बसून दाखवायचं. जमलं नाही, तर जागा मिळणार शेजारच्या सबनीसकाकांना. त्यांचं नाव प्रतीक्षायादीत पहिलं होतं. काका रोज सकाळी कुंपणावरून चौकशी करत, "काय नाना, पाय कसा आहे?" नानांनी दात-ओठ खात "उत्तम!" म्हटलं, की काकांचा चेहरा पडे.

शेवटी शाल्मलीने नानांना डॉ. शबाना मुलाणींच्या सुई-उपचार केंद्रात न्यायचं ठरवलं.

"दुखतंय म्हणून वर सुया टोचून घ्यायच्या?" नाना कडाडले. "हे म्हणजे आगीतून फुफाट्यात!"

"मग अंतराळात सबनीसकाकांना पाठवायचं का?" शाल्मलीने विचारलं. नाना निमूटपणे चपला घालू लागले.

डॉक्टर दुसऱ्या रुग्णाजवळ होत्या. त्यांचा नवा मदतनीस यंत्रमानव पुढे आला. त्याचं नाव सुईराव. मराठी तो शब्दकोशातून शिकला होता आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

"आपणांस काय होते?"

"पायात कळ येते हो."

सुईरावचे डोळे चमकले. शब्दकोशात 'कळ' या शब्दाचे बरेच अर्थ होते. यंत्रच ते, त्याने यंत्राचा अर्थ निवडला. कळ म्हणजे बटण! "इतकेच ना? दाबून बंद करतो," असं म्हणून तो गुडघ्यांवर बसला आणि रबरी बोटांनी नानांची पोटरी चाचपू लागला. घोट्याचं हाड लागताच "सापडली!" म्हणून त्याने ते जोरात दाबलं.

"अगं आई गं! मेलो, मेलो!"

"नाना, जरा कळ काढा ना," शाल्मली काकुळतीने म्हणाली.

"काढायची आहे का? आधी नाही सांगायचे!" सुईरावच्या डाव्या हातातून स्क्रूड्रायव्हर बाहेर आला. नाना थेट पलंगावर चढले, तेही दुखऱ्या पायाने.

"ही पोरगी! हिनेच आणलं मला इथे. कळलावी कुठली!"

"कळ हिने लावली?" सुईरावने आदराने शाल्मलीकडे पाहिलं. "मग ती काढायची कशी, तेही हिलाच विचारू."

तेवढ्यात डॉक्टर मुलाणी आत आल्या. सगळं ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांना टेकायला खुर्ची शोधावी लागली.

"सुईराव, ही कळ म्हणजे एकदम उठणारी वेदना. पण तुझं अगदीच चुकलं नाही. बटण आहे, फक्त ते पायात नाही." मग त्या शाल्मलीकडे वळल्या. "तुमच्या दारावरच्या घंटेचं बटण कुठे असतं?"

"बाहेर, दारापाशी."

"आणि घंटा कुठे वाजते?"

"स्वयंपाकघरात."

"ती वाजायची थांबत नाही म्हणून स्वयंपाकघरातल्या घंटेला तेल चोळलं तर?"

शाल्मलीने नानांच्या चकचकीत पोटरीकडे पाहिलं. "म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!"

"शाब्बास!" डॉक्टरांनी नानांना पालथं झोपवून यंत्राने पाठ तपासली आणि तिचं चित्र पडद्यावर आणलं. मणक्यांच्या मध्ये चकत्या (मऊ गाद्या) असतात. त्यांतली एक जरा बाहेर सरकली होती. तिथूनच निघतो शरीरातला सर्वांत जाड मज्जातंतू (मेंदूकडे निरोप नेणारा धागा). तो जवळजवळ बोटाएवढा जाड असतो आणि त्याच्या फांद्या कमरेपासून पावलापर्यंत जातात. गादीचा दाब पडला होता त्याच्या मुळावर. पण धागा पायाचा असल्यामुळे मेंदूला वाटत होतं, बोंब पायच मारतोय.

"आणि सुई ती गादी आत ढकलते?"

"छे! सुई घंटेचा आवाज कमी करते. केसासारखी बारीक सुई टोचली की एक बारकासा निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जातो. मग शरीर स्वतःचंच वेदनाशामक रसायन (दुखणं बोथट करणारा रस) सोडतं, असं दिसून आलंय. मात्र सगळ्यांना सारखा गुण येत नाही, आणि नेमकं काय घडतं याचा शोध अजून चालू आहे. गादीला मात्र वेळ द्यायचा, व्यायाम द्यायचा. तोवर कमरेत वाकून ओझं उचलायचं नाही."

"ते सगळं ठीक आहे," नाना उशीत तोंड खुपसून म्हणाले, "पण टोचणार कधी?"

"टोचून झाल्या."

नानांनी मान वळवून पाठीवरच्या सुया पाहिल्या आणि "हॅ, एवढंच होय!" म्हणून थोड्या वेळात घोरू लागले.

ते रोज व्यायाम करू लागले आणि ठरलेल्या दिवशी सुया टोचून घेऊ लागले. कळ हळूहळू मंदावली. तपासणीच्या दिवशी नाना खुर्चीत असे बसले की जणू फेविकॉलने चिकटवलेत. बाहेर सबनीसकाका आपली पिशवी मांडीवर घेऊन तयारच होते.

"छान," तपासनीस बाई म्हणाल्या. "आता प्रवासाची पिशवी फळीवर ठेवून दाखवा, की झालं."

नाना आता वाघ झाले होते. बाह्या सावरून ते कमरेत वाकू लागले.

शाल्मलीने ते पाहिलं. आता गप्प बसलं की झालं, आकाशपाळणा आपला! घंटा थांबली होती हे खरं. पण गादी? ती तर अजून पुरती जागेवर आली नव्हती. तिला फार फार जायचं होतं वर.

"नाना, उचलू नका!" ती ओरडली. मग डोळ्यांत पाणी आणून तिने बाईंना सगळं सांगून टाकलं. नानांचे कान लाल झाले.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "पण नानांनीच उचलायची, असं मी कुठे म्हटलं? त्यांच्यासोबत कोणीतरी आहे ना?"

कोण बरं, म्हणून शाल्मलीने मागे वळून पाहिलं. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून तिने पिशवी उचलली आणि लालबुंद होत फळीवर आदळली.

"जा दोघं," बाई म्हणाल्या. बाहेर सबनीसकाकांनी एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून अभिनंदन केलं.

दोघं घराच्या वाटेला लागले. नाना म्हणाले, "शाले, मी आपला गावभर सांगत सुटलो होतो, नातीला अंतराळात घेऊन चाललोय म्हणून. आता सगळ्यांकडे परत जायला हवं."

"कशाला?"

"सांगायला, की नात मला घेऊन चाललीय."

 शाल्मलीने नानांचा हात घट्ट धरला.

"आणि वर पिशवीला वजन नसतं, बरं का," नाना म्हणाले. "तिथे मी उचलीन. एका बोटाने!"

"उचला," शाल्मली म्हणाली, "पण आधी मेथी बघू."