ट्रकनं गेलेली वाडी

शेवटी एक्केचाळीस मेलेली माणसं अमरगोळच्या मार्केट यार्डात जिवंत झाली, शिंकली आणि चहा प्यायली.

वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असं काही झालेलं नाही. माणसं अशी जिवंत होत नसतात, निदान गुरुवारी तरी नाही. तर, मे महिन्यातला एक साधा गुरुवार होता, सकाळचे सात वाजले होते आणि धारवाडच्या मळमड्डीत काहीही घडत नव्हतं.

"घडलंय!" नेत्रा किंचाळली. "अख्खी वाडी मेलीय!"

तिच्या मांडीवर राघवेंद्रसरांच्या फॉर्मांचा गठ्ठा होता. सर खालच्या मजल्यावर राहायचे आणि शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे. सुटीत त्यांना अळणावरकडच्या वाड्यांतली माणसं मोजायचं काम लागलं होतं. मोजणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं, पण चारपर्यंत. कवायतीत त्यापुढं लागत नाही. म्हणून बेरजा करायला त्यांनी तीन जणांना बसवलं होतं: तेरा वर्षांची नेत्रा, तिचा बारा वर्षांचा भाऊ मुकुल आणि सरांची स्वतःची मुलगी श्रीलक्ष्मी. पाच वाजेपर्यंत त्या बेरजा मोबाईलवरून वर पाठवायच्या होत्या.

"ऐका," नेत्रा वाचू लागली. "कोंडेवाडी. लोकसंख्या एक. सरासरी वय बहात्तर. जन्मदर शून्य."

"दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती?" मुकुलनं विचारलं.

"पुरुषच नाहीत. भागाकार होत नाही. आणि मयत किती, माहितीये? बेचाळीस! एक्केचाळीस जणांपुढं कारण लिहिलंय 'ट्रक'. एकीपुढं लिहिलंय 'करवंद'."

करवंदानं कुणी मेल्याचं मुकुलनं ऐकलं नव्हतं आणि तो दर मे महिन्यात दोन शेर तरी खायचा.

"एका ट्रकनं एक्केचाळीस माणसं गेली असती तर पेपरात आलं नसतं का?" नेत्रा म्हणाली.

"अप्पा फक्त क्रिकेटचं पान वाचतात," श्रीलक्ष्मीनं वडलांबद्दल शांतपणे सांगितलं. "पण कोंडेवाडी मोजून घरी आले, त्या दिवशी ते जेवले नव्हते. दोन दिवस गप्प होते."

नेत्रानं फॉर्मची शेवटची ओळ वाचली. "सहा ते चौदा वयाची मुलं: शून्य. शाळेची गरज: नाही."

"चला!" मुकुल उठलाच.

नेत्रा-मुकुलच्या आजोबांना, म्हणजे बाळाचार्यांना सांगून तिघं निघाले. आजोबा निवृत्त हेडक्लार्क. मेलेली वाडी बघायला जातोय म्हटल्यावर त्यांनी फक्त इतकंच विचारलं, "पाण्याची बाटली घेतलीत का?"

अळणावरची बस आणि पुढं अर्ध्या तासाची पायपीट. कोंडेवाडीत नऊ घरं होती आणि आठांना कुलपं. वाडीच्या टोकाला एका खोलीची शाळा होती. तिच्या दारावर खडूनं लिहिलं होतं, 'आत येताना पाय पुसावेत'. नवव्या घराच्या अंगणात एक आजी चिंचा फोडत बसल्या होत्या. त्या मथुराआजी. वाडीची एकूण लोकसंख्या.

"आजी," नेत्रानं हळू आवाजात विचारलं, "वाडीतली बाकीची माणसं...?"

"समदी गेली," आजी म्हणाल्या.

"कशी गेली?"

"ट्रकनं. एकाच ट्रकनं, बघ. दाटीवाटी करून."

मुकुलनं हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली. श्रीलक्ष्मीनं मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "कुठं गेली, आजी?"

"हुबळीला. अमरगोळला. मिरचीचा हंगाम हाय न्हवं? पोती उचलायला. पावसाआधी येत्यात परत. दरवर्सालाच जात्यात!"

"अय्यो!" श्रीलक्ष्मी खाली बसली. "अप्पांचं मराठी!"

आता हे नीट सांगायला हवं. राघवेंद्रसरांची मातृभाषा कन्नड. मराठी ते शिकले मळमड्डीत आणि तेही शेजारधर्म म्हणून. कुणाच्या घरी दुःख झालं की सर पांढरा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी हजर. तिथं जो तो सांगायचा, "आजोबा गेले", "काकू गेल्या". त्यामुळे 'गेले' या शब्दाला दुसराही अर्थ असतो, हे सरांना वीस वर्षांत कळायचं कारणच पडलं नव्हतं.

"एक मास्तर आला हुता," आजी सांगू लागल्या. "कागद घिऊन. मी म्हटलं, समदी गेली. तर मान खाली घालून उभाच राहिला! मग मी म्हटलं, येतील पावसाआधी. तर ढसाढसा रडाय लागला. मी पाणी दिलं. म्हटलं, बिचाऱ्याच्या घरी काईतरी झालंया."

"आणि करवंदानं कोण गेलं?" मुकुलनं विचारलं.

"मी!"

पाठीमागं एक मुलगी उभी होती. ओठ जांभळे, हात ओरबाडलेले आणि परकराच्या ओच्यात करवंदं. "मी त्या दिवशी करवंदाला गेले होते. आता पण तिथनंच आले. घ्या की!"

ही भारती. वय दहा, चौथी पास, मयत. आजीसोबतीला ती एकटीच मागं राहिली होती.

नेत्रानं तिला फॉर्म दाखवला. भारतीनं शेवटची ओळ वाचली आणि ओचा सुटला. करवंदं अंगणभर झाली.

"गरज नाही? कोण म्हणतं गरज नाही? आम्ही चौदा जण आहोत शाळेत! गुरुजींनी सांगितलंय, दहाच्या खाली आकडा गेला तर शाळा बंद. मग सात किलोमीटर रानातनं चालत. आमच्या अप्पांनी सांगून टाकलंय, एवढ्या लांब नाही धाडायचो, मग तू पण ये आमच्याबरोबर ट्रकनं." तिनं नाक ओढलं. "मला ट्रकनं नाही जायचं. मला पाचवीत जायचंय."

"वाडी रिकामी नाहीये," नेत्रा म्हणाली. ती आता एकदम भूगोलाच्या पुस्तकासारखी बोलू लागली. "हे हंगामी स्थलांतर आहे. इथं पावसापर्यंत शेतात काम नाही, ते माणसांना ढकलतं. तिकडं यार्डात काम आहे, ते ओढतं."

"कुणी ढकललं न्हाई," आजी म्हणाल्या. "आपल्या पायानं चढली ट्रकात."

भारतीला घेऊन चौघं दीडच्या बसनं परत आले. सरांना सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं, भारतीकडं निरखून पाहिलं आणि डोळे पुसले.

"बाळ, तू जिवंत आहेस, फार आनंद झाला. म्हणजे एक नाव चुकलं. राहिले एक्केचाळीस."

"अप्पा! 'गेले' म्हणजे कामाला गेले!"

"नोड, बघ श्रीलक्ष्मी, माझं मराठी काल-परवाचं नाही. ती आजी मला म्हणाली, येतील परत. दुःखात माणसं असंच बोलतात." सरांनी फॉर्मांचा गठ्ठा छातीशी धरला. "आणि नियम असा, की माणूस समोर येऊन स्वतःचं नाव सांगेल, तरच मी कागद बदलणार."

"मारताना समोर यायची अट नव्हती वाटतं," मुकुल पुटपुटला.

अडीच वाजले होते. तिघांनी जिन्यात सभा घेतली. भारतीला पाहुणी म्हणून अध्यक्ष केलं.

"सरांना तिकडं न्यायचं," नेत्रा म्हणाली.

"ते येणार नाहीत. मेलेल्या माणसांना भेटायला कोण जातं?" श्रीलक्ष्मी विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला. "पण मिरचीला जातील! अम्मा आठ दिवस सांगतेय, वर्षाचं तिखट करायचंय, मिरची आणा. थांबा!"

ती स्वयंपाकघरात गेली. दोन मिनिटांनी तिथून एकच वाक्य कन्नडमध्ये ऐकू आलं, बरंच मोठ्यानं. तिसऱ्या मिनिटाला सर दोन पिशव्या घेऊन चपला शोधत होते.

"आम्ही येतो उचलायला!" चौघं एका सुरात म्हणाले. नेत्रानं कोरे फॉर्म दप्तरात टाकले.

धारवाड-हुबळीच्या चिगरी बसनं अमरगोळ गाठलं. यार्डात जिकडं पाहावं तिकडं लाल. मिरचीचे ढीग, मिरचीची पोती, हवेत मिरची. सरांनी पहिला श्वास घेतला आणि शिंकले. दुसऱ्या श्वासाला बाजूच्या शेडमधून कुणीतरी उत्तर दिल्यासारखं शिंकलं.

"अप्पा!" भारती पळत सुटली.

पाठीवरचं पोतं खाली टाकून एक माणूस वळला. बाबाजी, भारतीचे वडील. फॉर्म क्रमांक सात, कारण ट्रक.

"तू हितं कशी? आजी बरी हाय न्हवं?"

"आजी बरी आहे. तुम्ही मेलाय!"

"कधी?" बाबाजींनी विचारलं.

पाच मिनिटांत चहाची सुटी झाली आणि कोंडेवाडी गोळा झाली. डोक्याला फडकी बांधलेले हमाल, मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया, पोत्यांमागं लपाछपी खेळणारी पोरं. मुकुलनं सगळ्यांना ओळीत उभं केलं. सर मध्ये पिशव्या घेऊन उभे. त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

"नाव सांगा!" नेत्रानं हुकूम सोडला.

"बाबाजी. आक्छी!"

"शेवंता... आक्छी!"

"योगेश, तिसरी, आक्छी आक्छी!"

"सर," श्रीलक्ष्मी गंभीरपणे म्हणाली, कारण कामाच्या वेळी ती वडलांना सर म्हणायची, "मयत माणसं शिंकत नाहीत."

सरांच्या हातातल्या पिशव्या गळून पडल्या. ते ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. प्रत्येकाचा हात हातात घेऊन त्यांनी दाबून पाहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीचं किती आणि सरांचं किती, ते सांगता आलं नसतं.

"तुम्ही सगळे आहात!" ते म्हणाले. "देवा! सगळे आहात! मला झोप लागत नव्हती हो. डोळे मिटले की ती कुलपं दिसायची."

"आमच्यासाठी रडलासा?" बाबाजींनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "आजवर लई लोकांनी आमाला मोजलं, सायेब. रडलं कुणी नव्हतं."

"चार वाजून पाच मिनिटं!" मुकुल ओरडला. "रडणं नंतर!"

मग जे सुरू झालं, त्याला कवायतीचा मास्तरच हवा होता. "सावधान! घरवार रांगा! एक-दो-तीन-चार, पुढचं घर एक-दो-तीन-चार!" चार-चारनं मोजत सरांनी एक्केचाळीस पूर्ण केले. नेत्रा लिहीत होती, श्रीलक्ष्मी वयं विचारत होती, मुकुल अंगठ्यांचे ठसे घेऊन शाई पुसत होता. भारती शाळेतल्या मुलांची नावं हजेरीच्या क्रमानं घडाघडा सांगत होती. राहण्याचं ठिकाण: कोंडेवाडी. सध्या: हंगामी कामासाठी बाहेर. सहा ते चौदा वयाची मुलं: चौदा.

"शाळेची गरज?" नेत्रानं विचारलं.

सरांनी पेन स्वतःच्या हातात घेतलं आणि कागद फाटेपर्यंत दाबून लिहिलं, 'आहे'.

चार अठ्ठावन्नला आकडे गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग अर्थातच सगळे शिंकले. बाबाजींनी चहा सांगितला. शेवंतानं नेत्राच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लेकी, पोरांची शाळा राखलीस गं." नेत्रानं भरलेले फॉर्म उगाच पुन्हा एकदा मोजले.

संध्याकाळी बाळाचार्यआजोबांनी सगळं ऐकलं. "शाबास!" ते म्हणाले. "माझे वडील मिरजेहून एक ट्रंक घेऊन इथं आले. त्या पहिल्या वर्षी शेजारच्या कन्नड मास्तरांनी त्यांचं नाव मळमड्डीच्या यादीत स्वतः जाऊन घातलं, नाहीतर आम्ही कुठलेच नव्हतो. त्या मास्तरांचे आभार मानायचे राहिलेत. आज तुम्ही मानलेत बघा." मग ते राघवेंद्रसरांकडं वळले. "आणि सर, तुम्हाला उद्यापासून रोज अर्धा तास मराठी. दुःख सोडून बाकीचं."

जूनच्या पहिल्या आठवड्यात सरांच्या पत्त्यावर एक अर्ज आला. सरांनी तो योग्य त्या मार्गानं वर पाठवला. तो अजून वर जातोच आहे.

प्रति,
मा. मोजणी अधिकारी यांस,

विषय: मयत असलेल्या काळातील सुटी भरून मिळणेबाबत.

महोदय, मी कु. भारती बाबाजी, इयत्ता पाचवी, कोंडेवाडी, आपल्या कागदांनुसार मे महिन्यात एकूण एकोणीस दिवस मयत होते. सदर दिवस सुटीचे असूनही, मयत असल्याने मला ते सुटी म्हणून उपभोगता आले नाहीत. आमची शाळा चालू राहिली, याबद्दल आम्ही चौदाही जण आपले मनापासून आभारी आहोत. तरी सदर एकोणीस दिवस शाळा उघडल्यानंतर, सर्व मयत विद्यार्थ्यांना सलग व गृहपाठाविना, भरून मिळावेत, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
भारती
(हयात)