सर अँब्रोजच्या नावानं उचललेला भंडारा

भर दुपारच्या उन्हात सोलापुरात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण मल्हार एकटाच नाट्यगृहात शिरला. काळा मखमली कोट चढवून शेवटची तालीम करायला.

प्रयोग संध्याकाळी होता. सर अँब्रोजची भूमिका करताना गड्याचा हात थरथरायचा, घसा बसायचा. "आता जमलं नाही तर पुढच्या प्रयोगाला तुझ्या जागी युवराज," दिग्दर्शक वैजयंतीबाईंनी बजावलं होतं. आणि मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून सांगोल्याहून बाप निघालेला, जन्मात पहिलं नाटक बघायला!

हा अँब्रोज म्हणजे पावणेचारशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडच्या राजाचा दरबारी. पार्लमेंटात राजाची बाजू मांडली, लढाईत उजवी करंगळी गमावली. राजाचं मुंडकं उडाल्यावर नवे सत्ताधारी म्हणाले, आमच्या इमानाची शपथ घे, जमीनजुमला परत देतो. पठ्ठ्या कैदेत गेला, पण शपथ घेतली नाही.

मल्हारनं कमरेची पिशवी सोडली. धनगराच्या पोरानं बिरोबा देवाची हळद, भंडारा, उचलला की खोटं बोलायचं नसतं. त्यानं मूठ भरली.

"मी सर अँब्रोज, बिरोबाच्या साक्षीनं सांगतो..."

अरे वेड्या, दुसऱ्याच्या नावानं भंडारा उचलतात का? तेही मेलेल्याच्या!

पंखे बंद होते, तरी विंगेतला पडदा हलला. ओल्या लोकरीचा वास आला. एप्रिलात अंगावर काटा आला.

"मी... घाबरलो होतो..."

"क... कोन हाय?"

"हात थरथरत होता... तरी नाही म्हणालो..."

ते बोलणं कोणत्या भाषेतलं, मल्हारला आजही सांगता येत नाही. कळलं मात्र सगळं.

"मग... म्या भ्यालो तर चालंल व्हय?"

मुठीतला भंडारा सांडला. पाठीवर काहीतरी गार टेकलं, आणि उचललं गेलं. मल्हार कोटासकट जो पळाला, तो थेट सात रस्ता चौकात!

संध्याकाळी शपथेच्या प्रसंगाला हात थरथरला, आणि त्यानं तो लपवला नाही. फाटक्या आवाजात "नाही" म्हणाला. टाळ्याच टाळ्या. वैजयंतीबाई डोळे पुसत होत्या.

बाप, सिद्धाप्पा, विंगेत आला. "लई भारी लेका! भ्यालेला मानूस खरा वाटला बघ." मग त्यानं पोराला वळवलं. "पर पाठीवर भंडारा कुनी लावला रं?"

मल्हारनं कोट काढला. काळ्या मखमलीवर पिवळाधमक पंजा उमटला होता, उजव्या हाताचा. करंगळीची जागा मोकळी.

सिद्धाप्पानं हात जोडले. मल्हारनं बोट लावून पाहिलं. घामानं सगळा कोट कोमट झाला होता, तेवढीच जागा गार होती.