अहुवाच्या पाठीवरचा ओला चौकोन

पटो वा न पटो, पण हे माझ्या सोफीमावशीच्या घरी खरोखर घडलं. १९७४चा ऑगस्ट, शुक्रवारची संध्याकाळ, इस्राएलमधलं डिमोना गाव.

मावशी जवळच्या बेरशेबा शहरात एका प्रयोगशाळेत कामाला होती. बेडकाच्या कातडीचे कागदाहून पातळ काप काढायचे, रंगवून काचेवर बसवायचे. त्यातल्या ग्रंथी बघून प्राध्यापक अमनोन कुठला बेडूक कुणाचा भाऊबंद ते ठरवत.

त्या दिवशी कातडीचा एक तुकडा फॉर्मालिनमध्ये होता. शनिवारी तो स्पिरिटमध्ये टाकायला हवा होता. पण शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी रात्रीपर्यंत आम्हा यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, शब्बाथ; प्रयोगशाळा बंद, बसही बंद. म्हणून मावशीने बाटलीच घरी आणून कपाटावर ठेवली. शेजारी पाळण्यात तिची तान्ही अहुवा.

जेवणं झाली, शब्बाथच्या मेणबत्त्या विझल्या. घरात अंधार...

टप...

टप...

आवाज बाटलीतून येत होता. आत पोस्टाच्या तिकिटाएवढं कातडं होतं. बेडूक नव्हताच!

अहुवा किंचाळली. आणि एकदम गप्प झाली...

"अहो, बत्ती लावा!"

"खुळी झालीस का, सोफी? शब्बाथ लागलाय, आता बत्ती लावायची नसते," रफाएलकाका म्हणाले. "निजली असेल पोर."

मावशीने चाचपून पाहिलं. श्वास चालू होता. पाठ मात्र ओली... गार... बुळबुळीत.

बटणाकडे गेलेला हात तिने मागे घेतला. त्या हाताला ती अजून शिव्या देते.

उजाडलं तेव्हा अहुवाच्या पाठीवर तिकिटाएवढा गुळगुळीत चौकोन होता. पुसला की पुन्हा ओला. डॉक्टर म्हणाले, जन्मखूण. जन्मखूण म्हणे! रोज न्हाऊ घालणाऱ्या आईला दिसली नसती?

शब्बाथ उतरल्यावर तुकडा स्पिरिटमध्ये गेला. पुढच्या आठवड्यात मावशीनेच त्याचे काप काढले. अमनोन सूक्ष्मदर्शकात बघत राहिले...

"सोफी, हे कुठून आणलंस? बेडकाच्या ग्रंथी गोल पिशव्यांसारख्या असतात. इथे घामाच्या नळ्या आहेत. आणि हे बघ, केसाचं मूळ. बेडकाला केस असतात का?"

मावशीने स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"माणसाची कातडी आहे ही," ते हळूच म्हणाले. "तान्ह्या बाळाची."

पोरीच्या पाठीचा तो तुकडा परत मागून तरी काय करणार? तिने स्वतःच्या हाताने त्याच्या चिंध्या केल्या होत्या.

अहुवा आता दहा वर्षांची आहे. इथल्या कोरड्या उन्हात आमची कातडी तडकते, तिचा चौकोन ओलाच असतो. दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मावशी तिच्या खोलीतली बत्ती लावून ठेवते.

आता लावून काय उपयोग, हे तिला आम्ही कोणी सांगत नाही.